साडूचा डेटाबेस

ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या पट्ट्यात माझ्या साडूइतक्या गोष्टी सुरू केलेला माणूस दुसरा सापडणार नाही, आणि सापडलाच तर माझा साडू त्याच्याकडे आधीच शिकवणीला जात असेल. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा हा नवरा. नौपाड्यात दोन खोल्यांत राहायचा, रंगाच्या एका कारखान्यात प्रयोगशाळा सांभाळायचा आणि उरलेल्या वेळात नवशिका असायचा. त्याला एखादी गोष्ट येत नाही असं कळलं की या माणसाचा चेहरा पडण्याऐवजी उजळायचा. आपल्याला काही येत नसलं की आपण ते चारचौघांत झाकतो. हा ते पाहुण्यांना चहाबरोबर सांगायचा. त्याच्याबद्दल मी आता जे लिहिणार आहे त्यात थोडं कौतुक आणि बरीच जळजळ आहे, ती वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावी.

एके वर्षी त्याने गॅलरीत मधमाश्यांची पेटी आणून ठेवली. नौपाड्यात फुलं किती असणार? माश्यांनी खालच्या मिठाईच्या दुकानाशी संधान बांधलं. मिठाईवाला हातात झाडू घेऊन भांडायला वर आला, आणि महिनाभरात साडू त्याच्या भट्टीपाशी बसून पेढे वळायला शिकला. पेटी कुणाला तरी देऊन टाकली, पेढे मात्र हाताला चिकटले. मग कळव्याच्या खाडीवर एका म्हाताऱ्या कोळ्याच्या मागे लागून तो फेकजाळं टाकायला शिकला. रविवारी सकाळी गुडघाभर चिखलात उभा राहायचा आणि दुपारी रिकाम्या पिशवीने पण हसत घरी यायचा. मासळी देणं न देणं खाडीच्या मनावर आहे, पण तुझं जाळं गोल पडतं, असं तो म्हातारा त्याला म्हणाला होता, आणि हे प्रशस्तिपत्र त्याने सासुरवाडीत निदान चार जेवणांना वाढलं. सासरे ऐकताना जेवायचे थांबत. मी एकदा आमच्या कारखान्यात बढती मिळाल्याचं सांगितलं होतं, तेव्हा त्यांनी फक्त ताक मागितलं होतं.

आमचे सासू-सासरे डोंबिवलीला रामनगरात राहत. त्यांना मुलगा नाही, मुली दोनच, त्यामुळे जावई दोन. मी थोरला. माझी आई मी शाळेत असतानाच गेली. लग्नानंतर पहिल्यांदा डोंबिवलीला जेवलो तेव्हा सासूबाईंनी न विचारता माझ्या भातावर दुसऱ्यांदा तूप घातलं, आणि मी भूक नसताना पुन्हा भात मागून घेतला. पुढे कल्याणला घर घेतलं ते वागळे इस्टेटमधल्या नोकरीवरून परतताना डोंबिवली वाटेत लागावी म्हणूनच. बायकोला मी कारण वेगळं सांगितलं होतं. तेव्हा त्या माऊलीच्या मायेत वाटेकरी आला, तोही असा पेढे वळणारा, हे मला पहिल्यापासून जड गेलं. साडू आला की सासूबाई पदर सावरून त्याला ‘अहो, बसा ना’ म्हणत, पाट मांडत, घरात असेल नसेल ते तळत. मी आलो की ‘बरा आलास, गिरणीतून दळण घेऊन ये’ म्हणत. पिठाचा डबा खांद्यावर घेऊन जिना चढताना वरून त्या दोघांच्या हसण्याचा आवाज येई, तेव्हा मला त्या डब्यासकट परत खाली जावंसं वाटे.

माझ्याकडे एकच गोष्ट अशी होती की जी त्याच्याकडे नव्हती. मी कंप्युटरवाला होतो. कारखान्यात कंप्युटर आला तेव्हापासून त्या विभागात होतो, चपला बाहेर काढून थंडगार खोलीत जायचो, कामगारांच्या पगाराच्या पावत्या काढायचो. सासरे शेजाऱ्यांना माझी ओळख ‘आमचे कंप्युटरचे जावई’ अशी करून देत. एवढ्या एका ओळखीवर मी दहा-बारा वर्षं काढली. आणि मग एका गणपतीत साडूने एक जुना कंप्युटर विकत घेतला.

त्याच सुमारास कुठल्याशा मासिकाबरोबर लिनक्स नावाच्या कंप्युटर-प्रणालीची तबकडी फुकट आली होती, आणि तिच्यात पोस्टग्रेस नावाचा डेटाबेस होता. डेटाबेस म्हणजे माहितीचं कपाट, आणि हे कपाट फुकट, शिवाय आतले स्क्रू ढिले करून बघायची सगळ्यांना मुभा. मी ज्याच्यावर काम करायचो त्याच्या परवान्याला कंपनी लाखांत मोजायची, त्यामुळे फुकट मिळतं ते कुचकामीच असणार अशी माझी पक्की समजूत होती. साडूची समजूत अशी की, जे फुकट देतात त्यांना आपल्याला काहीतरी शिकवायचं असतं. त्याने कुणाच्या तरी ऑफिसातून त्या डेटाबेसचं पुस्तक छापून आणलं, चादरीच्या दोऱ्याने शिवलं, आणि टेंभी नाक्याच्या नवरात्रात बायको देवीच्या रांगेत उभी असताना बाहेर दिव्याच्या माळेखाली वाचत बसला. देवी त्याच्यावर रागावली नाही, मेहुणी रागावली.

पहिले कितीतरी दिवस ते कपाट उघडेचना. साडूची चूक अशी की तो ते कंप्युटरच्या मुख्य मालकाच्या अधिकाराने सुरू करू पाही, आणि पोस्टग्रेसचा नियम असा की मालकाने दारात यायचंच नाही, त्यासाठी वेगळा माणूस नेमायचा. माझ्यासारख्याला हा नुसता नियम वाटला असता. साडू भारावून गेला. मालकालाच आत सोडत नाही असा मुनीम कुठे बघितलाय का, असं तो भेटेल त्याला विचारत सुटला. मग त्याने तसा वेगळा माणूस नेमला, एक तक्ता केला, त्यात घरातल्या चौघांची नावं भरली आणि मशीनला विचारलं की या घरात मंगळवारी जन्मलेलं कोण? पडद्यावर त्याच्या बायकोचं नाव आलं. बायको समोर कणीक मळत होती, तिचा वार तिला आणि त्यालाही आधीपासून ठाऊक होता. तरी त्याने त्याच दिवशी स्वतः पेढे वळले आणि डोंबिवलीपर्यंत वाटत आला. मी इतकी वर्षं दर महिन्याला शेकडो माणसांचे पगार बिनचूक काढले, माझ्या नावाने कधी कुणी साखरही वाटली नाही. तो पेढा मी खाल्ला. चांगला झाला होता, याचाही राग आला.

त्याच वर्षी सासऱ्यांचं सहस्रचंद्रदर्शन आलं. माणसाने ऐंशी ओलांडून हजार पौर्णिमा बघितल्या की त्याचा सोहळा करतात, आप्तेष्टांना बोलावतात. आमंत्रणांची यादी अर्थातच माझ्याकडे येणार असं मी धरून चाललो होतो. ऑफिसात एक दुपार बसलो असतो तर काम झालं असतं. पण साडू म्हणाला, या डेटाबेसला नाती कळतात म्हणे, मग आपण आपल्या नात्यांवरच शिकू. सासरे लहान मुलासारखे पुढे सरकून बसले. सासूबाई म्हणाल्या, ‘तुम्ही करा हो, छान होईल.’ माझ्याकडे वळून त्यांनी हॉल बघून यायला सांगितलं.

पुढे कित्येक रविवार साडू नातेवाइकांकडे फिरला. प्रत्येक घरात बसायचा, चहा घ्यायचा, तुमच्या घरात जन्मलेली सगळी माणसं सांगा म्हणायचा. जी लांब होती त्यांना त्याने कार्डं टाकली. हर्णैहून सासूबाईंच्या भाच्याने पानभर नावं पत्त्यांसकट पाठवली. सगळं मशीनमध्ये गेलं. चिकटवायचे पत्ते छापून आले, पाकिटं पोस्टात पडली, आणि आठवड्याने रामनगरात पोस्टमनने एक पाकीट आणून दिलं. पाकिटावर लिहिलं होतं, कु. यमुना गणेश पेठे. खाली पत्ता आमच्या सासऱ्यांचा.

झालं होतं ते असं. आपल्याकडे लग्नात मुलीचं आडनाव बदलतंच, पण जुन्या काळी ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहून तिचं पहिलं नावही बदलत. साडूने सासूबाईंच्या माहेरी विचारलं तेव्हा माहेरच्यांनी त्यांच्या यमूचं नाव दिलं. सासरी विचारलं तेव्हा सुमतीचं दिलं. मशीनने दोन बायका धरल्या. सुमती ही यजमानीण, म्हणून तिला आमंत्रण नको, हे साडूने नीट बजावून ठेवलं होतं. यमुनेबद्दल कुणी काही बजावलं नव्हतं. तिचं लग्न झाल्याची नोंदही मशीनकडे नव्हती, म्हणून त्र्याहत्तराव्या वर्षी ती कुमारी ठरली आणि स्वतःच्याच नवऱ्याच्या सोहळ्याला तिला आग्रहाचं निमंत्रण गेलं. शेकडो पत्ते भरताना खाली रामनगर लिहूनही ही आपलीच सासू, हे साडूच्या ध्यानात आलं नाही आणि आलं नसतं माझ्याही, कारण त्या घरात त्यांना यमू म्हणणारं कुणी उरलंच नव्हतं. आणि हे त्यांच्या एकट्यांपुरतं नव्हतं. नात्यातल्या प्रत्येक म्हातारीच्या घरी दोन-दोन पाकिटं पोचली होती.

बातमी कळली तशी मी ऑफिसातून लवकर निघालो. खोटं कशाला बोलू, वाटेत मी मिठाई घेतली. अखेर त्याची फजिती झाली होती आणि ती बघायला मला पुढच्या रांगेतली जागा हवी होती. साडू आधीच येऊन कोपऱ्यात मान खाली घालून बसला होता. सासरे हसून हसून खोकत होते. सासूबाई खिडकीशी बसल्या होत्या, पाकीट मांडीवर होतं आणि त्या त्यावरच्या नावावरून बोट फिरवत होत्या. मी त्या चुकीमागचं शास्त्र समजावायला तोंड उघडलं, तर त्यांनी हाताने थांबवलं.

‘लग्न झालं त्या दिवसापासून हिला कुणी कुठे बोलावलंच नव्हतं रे,’ त्या म्हणाल्या. मग साडूकडे बघून म्हणाल्या, ‘तुम्ही बोलावलंत. मी येणार हो.’

मी आणलेली मिठाई कुणी उघडली नाही. इतकी वर्षं मी बिनचूक राहिलो होतो, आणि हा माणूस चुकला तरी सासूबाईंच्या काळजाच्या अशा जागी जाऊन पोचला की जिचा मला पत्ताही नव्हता. मी इतका जळलो की दळणाचं कारण काढून खाली उतरलो. गिरणी त्या दिवशी बंद होती. परत वर आलो तेव्हा सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी माझं तोंड बघितलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, ‘अरे, ते जावई आहेत, त्यांचं करावं लागतं. तू घरचा आहेस.’ मला ते ऐकून बरं वाटायला हवं होतं. पण हेवा असा सहजी निघून जात नाही, मला तरीही पाट हवा होता.

सोहळ्याला म्हाताऱ्या नटून आल्या आणि दारातूनच एकमेकींना चिमे, ठके, बने म्हणून हाका मारू लागल्या. त्यांचे नवरे चमकून बघत होते, ही ठकी कोण म्हणून. सासऱ्यांना ओवाळून झाल्यावर सासूबाई पहिल्या रांगेत पाहुण्यांमध्ये जाऊन बसल्या, यमूच्या खुर्चीवर. पुढे साडूने एकेका बाईच्या मशीनमधल्या दोन्ही ओळी जुळवून एक केल्या. ते कसं करायचं हे त्याने मला विचारलं, आणि मी दोन संध्याकाळी नौपाड्यात बसून त्याला शिकवलं. शिकताना त्याचा चेहरा असा फुलायचा की शिकवणाऱ्यालाच हेवा वाटावा. सासूबाईंच्या तेवढ्या दोन ओळी त्याने जुळवल्या नाहीत. तशी त्यांनीच गळ घातली होती.

दोन वर्षांनी सासूबाई गेल्या. घर बंद झालं, सासरे नौपाड्याला साडूकडे राहायला गेले. माझ्याकडे या, असं मीही म्हणालो होतो, पण धाकट्या मुलीकडे दवाखाना जवळ होता. मला वाटलं, आता डोंबिवलीतलं माझं असं काही राहिलं नाही. साडूने मग एके दिवशी मला बोलावून घेतलं. कंप्युटर सुरूच होता. सुमतीच्या ओळीत त्याने तारीख लिहिली होती. सासऱ्यांचा पत्ता बदलून नौपाड्याचा केला होता. यमुनेच्या ओळीत तारखेची जागा रिकामी होती. ती भरायची का, असं तो विचारेल असं मला वाटलं. त्याने ते विचारलंच नाही.

पडद्याकडेच बघत तो म्हणाला, ‘रामनगरचा पत्ता आता चालायचा नाही. यमूचा कुठला लिहू?’

 मी माझा कल्याणचा पत्ता सांगितला. त्याला तो पाठ होता, तरी त्याने एकेक शब्द माझ्या तोंडून वदवून घेतला आणि टाइप केला. एवढं मोठं मन या माणसाकडे कुठून येतं, म्हणून मला त्याचा पुन्हा हेवा वाटला, पण या वेळी तो बोचला नाही.

मध्यंतरी त्याच्या मुलीचं लग्न ठरलं. घरी पोस्टमन आला तेव्हा मी एकटाच होतो. त्याने एक पाकीट मला माझ्या नावाचं दिलं, मग दुसरं हातातच धरून वरचं नाव पुन्हा वाचलं आणि या बाई इथेच राहतात का, म्हणून विचारलं. मी हो म्हणालो, इथेच राहतात, आणि पाकीट घ्यायला हात पुढे केला.