तीन काळ्या तारा

बाबांनी नवी वेटोळी भरलेल्या कूलरच्या मोटारीच्या तारा दुसऱ्या कुणाला ओळखता येऊ नयेत, असा त्यांचा नियमच होता. रायपूरच्या भनपुरीतल्या त्यांच्या वाइंडिंगच्या दुकानात काम संपलं की ते मोटारीवरची तारांची माहिती देणारी पट्टी खरवडत आणि बाहेर येणाऱ्या तिन्ही तारांवर एकसारखी काळी नळी चढवत. त्यांची खूण होती ती लांबीची. सगळ्यात आखूड ती कॉमन, म्हणजे दोन्ही वेटोळ्यांची सामाईक; मधली रनिंग, मोटार चालती ठेवणारी; लांब ती स्टार्टिंग, मोटार सुरू करणारी. मीटर न बाळगणारे मिस्त्री हात टेकत आणि गिऱ्हाईक झक मारत परत येई. रायपूर राजधानी झालं, साहेबलोकांचे कूलर वाढले, तसा बाबांचा तोराही वाढला.

ही खूण त्यांनी दादाला सांगितली. मी डबा घेऊन जायची आणि उभ्या उभ्या बघून जेवढं कळे तेवढं शिकायची. एकदा धीर करून म्हटलं, मलाही शिकवा.

"तुले का दुकान टाकाचं हाये?" एवढंच म्हणाले. ते आठवलं की अजून कान तापतात.

दादा पुण्याला नोकरीला गेला. बाबांची नजर अधू झाली, दुकान बंद पडलं. मग एका मे महिन्यात ब्राह्मणपाऱ्यातल्या आमच्या घरी उंदराने कूलरच्या, बाबांनीच भरलेल्या मोटारीच्या तिन्ही तारा कुरतडल्या. लांबीची खूण उंदराच्या पोटात गेली. मीटरचे आकडे बाबांना दिसेनात. त्यांनी दादाला फोन लावला. तो म्हणाला, नवी मोटार घ्या. मी समोरच बसले होते, पण मला काही विचारलं नाही.

दुपारी ते झोपल्यावर मी त्यांचा मीटर काढला. दोन-दोन तारा धरून त्यांच्यातल्या रोधाचे आकडे लिहिले : चाळीस, साठ, शंभर. ज्या दोघींत शंभर, म्हणजे बाकी दोन्हींची बेरीज, आली त्या सोडून उरलेली ती कॉमन. तिच्याशी चाळीस देणारी रनिंग, साठ देणारी स्टार्टिंग. तिघींना चिठ्ठ्या बांधल्या, कंडेन्सर जोडला. पंखा फिरला. बाबा गार वाऱ्याने जागे झाले. मी कसं केलं ते सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

संध्याकाळी शेजारच्या काकूंनी विचारलं, कूलर कोणी सुधारला?

"पोट्ट्यानं फोनवर सांगतलं," बाबा म्हणाले. "हिनं निस्त्या तारा जोडल्या."

मी काकूंना सरबत दिलं. भांडले नाही, पण इतका राग आयुष्यात कधी आला नव्हता. त्या गेल्यावर प्लग काढला, जोड सोडले, चिठ्ठ्या फाडल्या, तिन्ही तारा सारख्या कापल्या आणि बाबांच्याच पेटीतली काळी नळी चढवली.

"काहून बंद केला?" म्हणत बाबा जवळ आले. तारा एकेक करून बोटांनी चाचपल्या, पुन्हा चाचपल्या.

"खूण काय ठेवली?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं नाही.