विहिणीच्या घरून लेक आणायची म्हणजे

कुर्र-कट्, कुर्र-कट्. पाळण्याची कडी तुळईला घासली की असा आवाज यायचा. बायको गेली तेव्हा आमची सुजाता वर्षाचीही नव्हती. मला अंगाई येत नव्हती, म्हणून दोरी ओढता ओढता शाळेत पाठ केलेल्या कविता म्हणायचो. चौथीच्या पुस्तकापासून सुरुवात करायची. सातवीच्या पुस्तकापर्यंत पोचलो की पोरगी झोपलेली असे. आता पाळणाही नाही, पण दुपारी डोळा लागला की कडी वाजते.

त्या सुजाताला सातवा महिना लागला. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही रीत. माहेर म्हणजे मी एकटा. म्हणून ऑक्टोबरात अकोल्याहून तिला आणायला निघालो. ती अनसिंगच्या पुढे एका लहानशा गावात राहते. जावई सायमन पंपांच्या मोटारींचं वाइंडिंग करतो. घर कॅथलिक आहे आणि आमच्याकडे बुद्धवंदना. लग्नाला मी हो म्हटलं ते मनापासून, त्याची खंत नाही.

तिकडे जाणार असाल तर सकाळची एसटी धरा. पासष्टी ओलांडलेल्यांना अर्धं तिकीट, आधारकार्ड वरच्या खिशात ठेवा. पातूरचा घाट उजेडात पाहावा. सागाची पानं अजून हिरवी होती. मालेगावला गाडी बरीच थांबते. स्टँडसमोर आलूबोंडा तर्रीत बुडवून देतात. खाल्ला, आणि वाशीमपर्यंत पाणी पीत राहिलो. वाशीमहून पुढे काळीपिवळी जीप. ती भरल्याशिवाय हलत नाही. अर्ध्या रस्त्यावर सोयाबीन वाळत घातलेलं होतं, ड्रायव्हर बेधडक त्यावरून गाडी नेत होता. माझ्या मांडीवर डिंकाच्या लाडवांचा डबा. स्वतः वळले होते.

दारातच विहीणबाई, फिलोमिनाबाई, उभ्या. पाच पोरं वाढवलेली बाई. आवाज मोठा, हात त्याहून मोठे. डबा उघडून त्या हसत सुटल्या.

"इवाईबुवा, डिंक बाळंतिणीले देतेत! पोरगी अजून मोकळी नाही झाली. कोण खाईन हे?"

"मी खातो ना, मम्मी," सुजाता आतून म्हणाली.

मम्मी. माझ्या घरात त्या नावानं हाक मारायला कोणी नव्हतं. तीस वर्षं मला वाटत होतं, तो शब्द तिला लागतच नाही. इथे तो दर वाक्याला येत होता, भाकरीबरोबर ठेच्यासारखा.

संध्याकाळी चर्चमध्ये गेलो. पत्र्याचं छप्पर, शेणानं सारवलेलं अंगण, आत सतरंज्या. फादर वाशीमहून रविवारी येतात. एरवी सगळा कारभार बायांचा. ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना. मधोमध सुजाताला खुर्ची, भोवती आया जमिनीवर. एकेक बाई उठे, तिच्या डोक्यावर हात ठेवी आणि एक फेरी नमो मरिया म्हणे. बाकीच्या उत्तर देत. काय लय होती! मी आयुष्यभर कविता म्हणत आलो, पण मला असं उत्तर कोणी दिलं नाही. खोटं कशाला लिहू, भक्ती नव्हे, मत्सर वाटला. मूर्तीकडे पाहिलं. मरियामाता लेकराला कडेवर घेऊन उभी होती. हात अवघडल्याची एक रेघ चेहऱ्यावर नाही. तिचाही राग आला.

मध्येच सुजाता दचकली. "मम्मी, पाहा, लात मारून राह्यलं!" फिलोमिनाबाईंचा हात थेट त्या जागी गेला, अंधारात दिव्याचं बटन सापडावं तसा. मी दाराशी चपलांजवळ बसलो होतो. बापानं तिथे हात ठेवायचा नसतो.

प्रार्थना संपल्यावर मूर्ती वाजतगाजत सुजाताच्या घरी आणली. तेव्हा मला ती गोष्ट कळली. या वस्तीची रीत अशी, की पहिलटकरणीला सातवा लागला की माता तिच्या घरी मुक्कामाला येते, आणि बाळंत होईस्तोवर तिनं मातेजवळून हलायचं नाही.

"म्हणजे अकोल्याला यायचं नाही?" मी विचारलं.

"मीनं काय केलं?" फिलोमिनाबाई म्हणाल्या. "माही सासू, तिची सासू, साऱ्या अशाच बसल्या. मातेले एकटं टाकून कशी जाईन ते?"

"आमच्यातही रीत आहे, बाई."

"हाय ना. पण तुमच्या घरी बाई कोन हाय? पोरीले रात्री कळा आल्या तं तुमी काय करान? कविता म्हनान?"

सगळ्या हसल्या. सुजाताही हसली. ते फार लागलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. मिस्साची प्रार्थना झाल्यावर मी फादरांना गाठलं. "हा तुमच्या धर्माचा नियम आहे का?" ते हळूच म्हणाले, "चर्चचा नाही, या बायांचा आहे. म्हणून तर माझं काही चालत नाही."

निघताना सुजाता अंगणापर्यंत आली. "बाबा, तुमी काहून रागावून राह्यले? मले यायचं हाय. पन मम्मीचं मोडता येत नाही."

"माझं मोडता येतं," मी म्हटलं आणि काळीपिवळीत जाऊन बसलो. गाडी भरायला तासभर लागला. रागानं उठून गाडीत बसलेल्या माणसाची याहून फजिती नाही. ती अंगणात उभी दिसत होती आणि मी खिडकीबाहेर न पाहण्याचं नाटक करत होतो.

घरी येऊन आठवडा झाला. तिच्यासाठी झाडून ठेवलेली खोली मी बंदच ठेवली. त्या गावाला जरूर जा, असं मी सांगेन. माणसं जेवल्याशिवाय सोडत नाहीत, आणि तो जप ऐकण्यासारखा आहे. माझ्याजवळ काय उरलं? तो जपच, कानात. आणि एक प्रश्न: ज्यानं आईचं सगळं काम केलं, त्याला शेवटी कुठे बसवायचं? चपलांजवळ?

एवढं लिहून काल दुपारी थांबलो होतो, तोच दार वाजलं. उघडलं, तर फिलोमिनाबाई. घामानं निथळत, आणि छातीशी टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी. टॉवेलाची कड सरकली आणि आतून मरियामाता दिसली.

"पोरगी तिकडं जेवून नाही राह्यली," त्या म्हणाल्या. "मातेजवळून हलाचं नाही, असं हाय ना? मंग माताच आनली. मी बी राहीन. बायांनी लय कल्ला केला, करू द्या." मागे वळून त्यांनी जिन्याकडे मान उडवली. "ते पोरगी खाली रिक्षात हाय. उभे काहून राह्यले, इवाईबुवा? घ्या, मातेले धरा. मी पोरीले आनतो वरतं."

"नाही," मी म्हणालो. "माता तुम्हीच धरा. पोरीला मी आणतो."

आणि अनवाणीच जिना उतरलो.