कुकर बोंबलून राहिला

माझ्या मुलीने माझा व्हिडिओ काढला तो एका रविवारी सकाळी, मला न सांगता. मुलगी पंधरा वर्षांची, दिल्लीतच जन्मलेली. मी कणीक मळत होते, हात भरलेले. कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या देत होता आणि ही गॅसपाशीच मोबाइल धरून उभी. मी ओरडले, "पोट्टे, कुकर बोंबलून राहिला, अन् तू त्या डबड्यात डोकं घालून उभी! कान हायेत का गवऱ्या?"

ते डबडं माझ्याकडेच वळवलेलं होतं, हे मला बुधवारी ऑफिसात कळलं. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी मोबाइल पुढे केला. "मॅडम, ये आप ही हैं ना?" माझाच आवाज, खाली हिंदीत भाषांतर. आजूबाजूचे चारपाच जण हसले. मीही हसले, आणि मग फाइल उघडून बराच वेळ एकच ओळ वाचत बसले.

वीस वर्षांपूर्वी मी अमरावतीकडच्या एका खेड्यातून सरकारी नोकरीसाठी इथे आले. मराठी माणसं भेटतील म्हणून इथल्या महाराष्ट्र मंडळात जाऊ लागले. पहिल्याच हळदीकुंकवाला एक बाई प्रेमाने म्हणाल्या होत्या, "पानी नाही हो, पाणी." चूक काढण्यात वाईटपणा नव्हता. पण बोलीवरून माणसं जिल्हा ओळखतात, जिल्ह्यावरून आडनावापर्यंत जातात आणि आडनाव कळलं की पुढचे प्रश्न थांबतात, हे मला ठाऊक होतं. मी रेडिओच्या बातम्या ऐकून ऐकून बोलणं घासूनपुसून घेतलं. मुलीशीही तसंच बोलले. माझी बोली फक्त रागात उरली होती, आणि नेमका तो रागच तिने लोकांना दाखवला.

संध्याकाळी मी तिला म्हटलं, "काढून टाक ते."

"क्यूं? आई, यार, लोकांना तू बिल्कुल आपली वाटतेस. वाच ना!"

मी वाचायला लागले. कुणी लिहिलं होतं, "डोळ्यांत पाणी आलं, माझी आई अशीच बोलायची." त्याच्या लगेच खाली, "कामवाली कुठून धरून आणली?" त्याखाली हसरे चेहरेच चेहरे. ते पहिल्याला उद्देशून होते की दुसऱ्याला, कळायला मार्ग नव्हता. काढून टाक हे मी पुन्हा म्हटलं नाही. का नाही म्हटलं, ते आजही नीट सांगता येत नाही. लाज वाटत होती, आणि आणखी किती जणांनी पाहिलं हे दर तासाला बघावंसंही वाटत होतं.

जानेवारीत मंडळाची बस पानिपतला निघाली. मला 'पाणी' म्हणायला शिकवणाऱ्या त्या बाईंनी या वेळी शेजारची जागा माझ्यासाठी धरून ठेवली होती. सोनीपत गेलं आणि त्यांनी माइक माझ्या हातात दिला. "ते कुकरचं म्हणा ना!" मी म्हटलं. सगळी बस माझ्यामागून ओरडली. बाई सर्वांत मोठ्याने ओरडल्या, पण "बोंबलत राहिला" असं. माझ्या तोंडून निघून गेलं, "बोंबलत नाही हो, बोंबलून." त्या मनापासून हसल्या. त्यांना वीस वर्षांपूर्वीचं काहीच आठवत नसावं. मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं वाईटही वाटलं.

पानिपतच्या लढाईच्या स्मारकापाशी, काला अंबला, महाराष्ट्रातून आलेल्या कॉलेजच्या मुली होत्या. त्यांनी मला ओळखलं. "मावशी, एक रील!" स्मारकाच्या खांबाकडे पाठ करून मी उभी राहिले. पहिल्या वेळी ऊन आडवं आलं, दुसऱ्या वेळी मीच अडखळले. तिसऱ्या वेळी छान जमलं असं सगळ्या म्हणाल्या. मला मात्र तो आवाज माझी नक्कल करणाऱ्या कुणाचा तरी वाटला. बाजूला एक म्हातारे गृहस्थ चपला काढून, हातात फुलं घेऊन, आमचं आटपायची वाट बघत होते. मी घाईने सरकले, "माफ करा" म्हणाले. ते म्हणाले, "होऊ द्या, होऊ द्या. माझी नात पण बघते तुम्हाला."

आता मुलीच्या मैत्रिणी, एक पंजाबी, एक मल्याळी, मेट्रोला उशीर झाला तरी म्हणतात, "मेट्रो बोंबलून राहिली." माझ्या मुलीला 'उंबरठा' म्हणजे काय ते सांगावं लागतं, पण हे दोन शब्द तिच्या वर्गात सगळ्यांना येतात. याला बोली टिकली म्हणायचं, की तिचं खेळणं झालं?

गेल्या आठवड्यात गावी फोन केला. आई माझ्या भावाकडे असते. त्याने तिला व्हिडिओ दाखवला होता.

"मोबाइलमधी त बरी आपल्यावानी बोलतं," ती म्हणाली. "मंग माह्यासंग काहून मास्तरीणबाईवानी बोलतं वं?"

वीस वर्षं मी तिच्याशीही बातम्यांच्या मराठीत बोलत होते, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. मी जपून, एकेक शब्द जुळवून म्हटलं, "बरं मा, जेवली का वं तू?"

मग ती हळूच म्हणाली, "तूबी लोकायवानी हासून राहिली का मले?"

"नाही, नाही, आई, खरंच नाही," असं मी कितीदा तरी म्हणाले. तिला पटलं की नाही, कळलं नाही. तिने हरभरा यंदा बरा आहे एवढं सांगितलं आणि फोन भावाकडे दिला.