सुलभाच्या बांगड्या

आमच्या महिला मंडळात परवा वजन-उंची तपासायला डॉक्टरीणबाई आल्या होत्या. काट्यावर वजन तेवढंच कमी दिसेल म्हणून सगळ्याजणी बांगड्या काढून उभ्या राहत होत्या. माझ्या काही निघेनात. समोर माझी मैत्रीण सुलभा, हात नुसता खाली करून बांगड्या काढत होती. मला अस्सा राग आला! हिला लग्नातला ब्लाउज सत्तरीतही होतो. माझा पहिल्या बाळंतपणानंतर ट्रंकेत गेला तो गेलाच.

बाईंनी आकडे मांडले. मला म्हणाल्या, "या वयाला एवढं अंग चालतं, फक्त रोज फिरायला जा." सुलभाला म्हणाल्या, "आजी, तुमचं वजन फारच कमी आहे. पडलात तर हाड मोडायला वेळ लागणार नाही. चांगले तुपातले लाडू खा."

लाडू! चाळीस वर्षं मी ज्यांच्याकडे पाठ फिरवून बसले, ते हिला औषध म्हणून!

सुलभा बांगड्या परत चढवू लागली. गळून पडू नयेत म्हणून तिने प्रत्येक बांगडीला दोरा गुंडाळला होता, तरी त्या सैलच होत्या. माझ्या मनगटाकडे बघत ती म्हणाली, "तुझ्या कशा गं हातात बसतात!"

तो सूर मी लगेच ओळखला. इतकी वर्षं तो माझाच होता.