साहेबांचं विमान

एकाच आठवड्यात मला दोन ठिकाणांहून नोकरीचं बोलावणं आलं. एक मोठ्या विमान कंपनीचं, दुसरं पुण्यातल्या एका उद्योजकाचं. कंपनीत को-पायलट म्हणून प्रवासी विमानावर जायचं होतं, राहायचं दिल्लीत. उद्योजकाकडे सात जणांचं छोटं जेट होतं, त्यावरही को-पायलटच, पण राहायचं पुण्यात.

आम्ही तेव्हा बिबवेवाडीत राहायचो. तिसरा मजला, लिफ्ट नाही, दोन खोल्या. मी बारावीत असताना आई गेली, त्यानंतर घरात बाबा आणि मी दोघंच. बाबा संरक्षण खात्याच्या कारखान्यात टर्नर होते, आता निवृत्त झाले होते. गाव नागपूरकडचं. चाळीस वर्षं पुण्यात काढूनही त्यांच्या तोंडातलं ‘काहून’ गेलं नव्हतं. सरकारी शिष्यवृत्तीवर मी विमान चालवायला शिकले आणि मग दोन वर्षं एका फ्लाइंग क्लबात नवीन मुलांना शिकवत राहिले. त्या काळात वर्षा-दोन वर्षांत एखादी नवी विमान कंपनी निघायची. हिंजवडीत काचेच्या इमारती उठत होत्या आणि आमच्या सोसायटीतली मुलं महिनाभर अमेरिकेला जाऊन येत होती. माझ्या बरोबरीचे सगळे एकेका विमान कंपनीत लागले होते. मी उशीर करत होते.

उशिराचं कारण घरातच होतं. ही पत्रं येण्याच्या महिनाभर आधी बाबा एका सकाळी मार्केट यार्डात कांदे आणायला गेले. चालत दहा-पंधरा मिनिटांचा रस्ता. आले ते संध्याकाळी पाच वाजता, रिकामी पिशवी घेऊन.

“कुठे होतात दिवसभर?” मी विचारलं.

“पार हडपसरच्या पुढे मांजरीला जाऊन आलो. चुकीच्या बसमध्ये बसलो.” मग हसून म्हणाले, “ऊस पाहून आलो, बाई.”

मीही हसले. रात्री त्यांचा सदरा धुवायला टाकताना खिशात तिकिटाच्या पाठीवर लिहिलेली चिठ्ठी सापडली. कुणा कंडक्टरचं अक्षर असावं. ‘यांना स्वारगेटला उतरवा.’ मी ती फाडून टाकली आणि बाबांना काही विचारलं नाही.

नोकरीचं मात्र त्यांना सांगावंच लागलं. त्यांनी दोन्ही पत्रं चष्मा लावून शांतपणे वाचली आणि कंपनीचं पत्र वर ठेवलं.

“हे घे,” म्हणाले.

“दुसरी नोकरीही चांगली आहे. मालक साधे आहेत म्हणे. सदाशिव पेठेत दोन खोल्यांत सॉफ्टवेअरचं काम सुरू केलं होतं त्यांनी.”

“असतील साधे. पण तिथे साहेब आहे. कंपनीत यादी असते. तुझा नंबर कितवा, तुझ्या पुढे कोण, मागे कोण, सगळं लिहिलेलं असतं. आज ना उद्या नंबर येतोच, कुणाला अडवता येत नाही.” मग थांबून म्हणाले, “आपलं जे काही भलं झालं ना, ते लिहिलेल्या नियमानं झालं. कुणाच्या मर्जीनं नाही झालं.”

कारखान्यात त्यांची बढती दोनदा डावलली गेली होती. ज्येष्ठतेची यादी हातात घेऊन ते सात वर्षं भांडले होते आणि शेवटी जिंकले होते. त्यांचं म्हणणं मला पटत होतं. पण दिल्लीला गेले तर या माणसाची दोन पावलं रोज कुठे जातील, हे कोण बघणार? आणि हे त्यांच्या तोंडावर म्हणायचं म्हणजे त्यांचं डोकं आता भरवशाचं राहिलं नाही, हे त्यांना सांगायचं. ते मला जमलं नाही. आपल्यामुळे मुलगी मागे राहिली, हे त्यांनी सहनही केलं नसतं. हाताला धरून दिल्लीच्या गाडीत बसवलं असतं.

म्हणून मी खोटं बोलले. “मला छोटी विमानं आवडतात, बाबा. रोज तीच दिल्ली-मुंबई करत बसायचा कंटाळा येईल मला.”

“काहून असं बोलतेस?” ते म्हणाले. मग पत्रांची घडी घालून माझ्या हातात दिली आणि दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलले. मला शिष्टपणा चढला, असं त्यांना वाटलं असणार.

साहेबांचं विमान चालवणारे कॅप्टन हवाई दलातून निवृत्त झालेले, पक्के पेठेतले. पहिल्याच दिवशी त्यांनी मला काम समजावून सांगितलं. “आपलं मुख्य काम वाट पाहणं. त्यानंतर साहेबांच्या बॅगा नीट लावणं. मधे वेळ मिळाला तर विमान उडवायचं.”

ते खोटं नव्हतं. मी पुण्यात राहायचं म्हणून ही नोकरी घेतली आणि पुण्यात असले तरी घरात नसायचे. फोन आला की दोन तासांत विमानतळावर हजर व्हायचं. आज रात्री परत येऊ म्हणून निघालेलं विमान तिसऱ्या दिवशी परत यायचं. कंपनीत गेलेल्या मैत्रिणींना महिन्याभराचं वेळापत्रक आधी हातात मिळायचं. मला दुपारचं जेवण कुठे होणार हे सकाळी माहीत नसायचं. बाबा दारात उभे राहून विचारायचे, “कधी येशील?” मी म्हणायचे, “बघते.” साहेब मात्र खरंच सज्जन होते. अरेतुरे कधी केलं नाही, दिवाळीला घरी फराळ पाठवायचे. त्यांच्यावर चिडायला मला कधी कारण मिळालं नाही, आणि तेच अवघड होतं.

तिसऱ्या वर्षी एकदा आम्ही इंदूरला होतो. साहेबांची बैठक चारपर्यंत चालणार होती. अकराच्या सुमाराला शेजारच्या काकूंचा फोन आला. “अगं, तुमचं दार सताड उघडं आहे आणि बाबा सकाळपासून दिसत नाहीत.”

मी आधी पुण्याचं दुसरं विमान शोधलं. त्या दिवशी नव्हतं. आमचं विमान काचेपलीकडे उन्हात उभं होतं. तासाभराचा प्रवास. चालवता मला येत होतं, इंधन भरलेलं होतं, आणि मी खुर्चीवर बसून होते, कारण विमान माझं नव्हतं.

कॅप्टननी माझ्याकडे बघितलं. “साहेबांना न विचारता नेता आलं असतं तर तुला नेऊन सोडलं असतं,” म्हणाले. साहेबांना बैठकीतून उठवायची त्यांनाही छाती होत नव्हती. मी दर दहा मिनिटांनी काकूंना फोन करत होते. शेवटी दीड वाजता कॅप्टन टॅक्सी करून स्वतः गेले आणि साहेबांना घेऊनच आले.

“हे मला आधी सांगायचं नाही का आपण?” साहेब मला म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. “चला, निघू या.”

मी डावं-उजवं न बघता कॉकपिटमध्ये जाऊन बसले. कॅप्टन म्हणाले, “आज तू हात लावू नकोस. फक्त चेकलिस्ट वाच.” मी वाचत गेले. पुणे दिसायला लागलं तेव्हा कात्रजच्या बाजूचे डोंगर बघून मला एवढंच वाटत होतं, की या एवढ्या पसाऱ्यात खाली कुठेतरी ते चालत असतील.

ते चालत नव्हते. कात्रजच्या रस्त्यावर पाइपांसाठी खणलेल्या खड्ड्यात पडले होते. मी पोचले तेव्हा सरकारी दवाखान्यात होते, खुब्याचं हाड मोडलेलं. माझ्या अंगावर पांढरा शर्ट आणि खांद्यावर पट्ट्या होत्या. मला बघून ते पहिलं काय बोलले असतील, तर, “तुझ्या साहेबाला त्रास झाला असेल.”

“नाही झाला, बाबा. त्यांनीच आणलं मला.”

“मर्जी आहे तोवर ठीक,” ते म्हणाले आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. मी तेव्हा तरी सांगायला हवं होतं. पण त्यांना दुखत होतं, नर्स इंजेक्शन घेऊन आली आणि ते राहून गेलं. त्यानंतर ते काठीशिवाय चालले नाहीत. दिवसभर त्यांच्याजवळ राहायला मी एक मावशी ठेवल्या.

पुढच्या वर्षी अमेरिकेत मंदी आली आणि तिची झळ हिंजवडीला लागली. आमच्या सोसायटीतल्या दोन मुलांना एकाच दिवशी घरी बसवलं. साहेबांनी कॅप्टनना आणि मला ऑफिसात बोलावून चहा दिला आणि विमान विकल्याचं सांगितलं. त्यांचे डोळे भरून आले होते. पाच मिनिटांत आम्ही बाहेर आलो. लिफ्टमध्ये कॅप्टन म्हणाले, “बॅगा मात्र छान लावायचीस हो तू.” दोघंही हसलो. त्यांना आता कुठे नोकरी मिळणार नव्हती, वय झालं होतं.

मला सव्वा वर्ष मिळाली नाही. कंपन्या भरती थांबवून बसल्या होत्या. त्या सव्वा वर्षात मी घरी होते, बाबांच्या अगदी शेजारी, पण तोवर बाबा सरत चालले होते. मला कधी ओळखायचे, कधी आईच्या नावानं हाक मारायचे. शेवटी मला एका विमान कंपनीनं पुण्यातच घेतलं, यादीत अगदी तळाला. तिथे माझ्या पहिल्याच आठवड्यात डाव्या खुर्चीत माझ्याबरोबर शिकलेली मैत्रीण होती. ती कॅप्टन झाली होती. लोकांसमोर मी तिला मॅम म्हटलं. दार बंद झाल्यावर ती म्हणाली, “असं नको ना म्हणूस.” पण त्यात तिचा काय दोष?

एव्हाना बाबा सारखं ‘गावी चल’ म्हणत होते. मी नागपूरचं विमान मागून घेतलं आणि त्याच विमानात त्यांची आणि मावशींची तिकिटं काढली. विमानात कुणाला काही सांगितलं नव्हतं. निघताना मी हिंदी-इंग्रजीत नेहमीची घोषणा केली आणि शेवटी एक वाक्य मराठीत बोलले. माझा आवाज त्यांना कळेल, असं मला वाटलं होतं.

नागपूरला उतरल्यावर प्रवासी बाहेर पडत असताना एक एअर होस्टेस हसत माझ्याकडे आली. “मॅम, चौथ्या रांगेतले आजोबा फार गोड आहेत. सगळा वेळ मला सांगत होते, माझी पोरगी पण पायलट आहे. पण साहेबाचं विमान चालवते म्हणे. मी सांगितलेलं ऐकलं नाही म्हणे तिनं.”

मी दाराशी जाऊन उभी राहिले. मावशी त्यांना व्हीलचेअरमध्ये बसवत होत्या. मी वाकून त्यांचा हात हातात घेतला. त्यांनी माझ्या खांद्यावरच्या पट्ट्या बघितल्या, मग हात जोडले.

“जयभीम, मॅडम. छान आणलंत,” म्हणाले. “तुमचं बरं आहे. तुम्ही कंपनीत आहात.”

“हो,” मी म्हणाले. मावशींनी तोंडाला पदर लावला. मला तासाभरात तेच विमान घेऊन परत निघायचं होतं.

दोन दिवसांनी रजा घेऊन मी गावी गेले. ते चुलतभावाच्या अंगणात बाजेवर बसले होते, उन्हात. मला फाटकातून येताना बघून त्यांनी चक्क माझ्या नावानं हाक मारली. जेवलीस का म्हणून विचारलं. आई काहून नाही आली, असंही विचारलं. मी म्हटलं, तिला काम होतं. सकाळभर ते मला ओळखत होते, विहिरीवरचा आंबा कुणी तोडला ते सांगत होते. मी ऐकत बसले. मधे मोडता घातला तर ही सकाळ संपेल, या भीतीनं मी स्वतःचं काहीच बोलले नाही. जेवून ते झोपले आणि उठल्यावर मी पुन्हा कुणीतरी मॅडम होते.

बाबांना पुण्याला परत आणल्यावर चार महिन्यांनी ते गेले. दुपारची वेळ होती आणि वेळापत्रकानुसार त्या दिवशी माझी सुट्टी होती, त्यामुळे मी घरी होते. मी त्यांचे पाय चेपत होते. मावशींनी चहा आणला, मी कप हातात घेतला आणि मग लक्षात आलं.

पुण्यानुमोदनाला विहारात कारखान्यातले त्यांचे जुने सोबती आले होते. वंदना झाल्यावर दोन शब्द बोला म्हणाले. मी उभी राहिले. ते चांगले कामगार होते, असं काहीतरी बोलणार होते, पण तोंडातून वेगळंच आलं. मांजरीची बस, खिशातली चिठ्ठी, दोन पत्रं. छोटी विमानं मला कधीच आवडली नव्हती, आणि मी ती नोकरी का घेतली, हे पहिल्यांदाच मोठ्यानं बोलले, चाळीस-पन्नास माणसांसमोर.

पहिल्या रांगेत बाबांबरोबर एकाच पाळीत काम केलेले एक काका बसले होते. ते हळू आवाजात म्हणाले, “हे त्याला सांगायला पाहिजे होतं, बाई.”

मी ‘हो’ म्हटलं आणि खाली बसले.