उरलेला प्रश्न

शाळेच्या ग्रंथपाल बाईंना मुलं पाठीमागे ‘लांबण’ म्हणत, आणि हे बाईंना चांगलं ठाऊक होतं. आंतरशालेय प्रश्नमंजूषेत साहित्याचे प्रश्न सव्वीस वर्षं त्याच काढत आल्या. विज्ञानाचे सर एका ओळीत प्रश्न उरकत, गणिताचे तर अर्ध्याच ओळीत. बाईंचा प्रश्न मात्र चांगला चार वाक्यांचा. पहिलं वाक्य अवघड, दुसरं जरा सोपं, आणि चौथ्यापर्यंत पुस्तकाचं नाव जवळजवळ तोंडात भरवलेलं. ज्याला आधी कळेल त्याने घंटी दाबायची. उत्तर बरोबर आलं की प्रश्न तिथेच संपला. उरलेला भाग वाचायचा नाही, कार्ड गठ्ठ्याखाली सरकवायचं. हा नियम पहिल्याच वर्षी बाईंनी हट्टाने करून घेतला होता.

आणि जीव कुठे गुंतलेला? नेमका त्या उरलेल्या भागात. शेवटचं वाक्य त्या तीन-तीनदा लिहून काढत. ते ऐकायला मिळायचं फक्त त्यांना, ज्यांनी पुस्तकाला हातही लावलेला नसे. ज्याने वाचलंय तो कशाला थांबतोय!

सगळ्यांत कमी थांबायची ती त्यांची लेक. घरात तिचं नावच ‘घाई’ पडलं होतं. ती संघात होती ती दोन वर्षं तेवढी, उगाच कुणी बोट दाखवायला नको म्हणून, प्रश्न दुसऱ्या शाळेने काढले. सराव मात्र घरीच चाले, स्वयंपाकघरातल्या टेबलावर. उपडी वाटी आणि चमचा ही घंटी.

“या कादंबरीतला टपालवाला एक पत्र…” बाई सुरू करायच्या.

टण्! “कळलं!” घाई उत्तर फेकायची, आणि ते बरोबरच असायचं. ते पत्र टपालवाल्याने सात वर्षं खिशात का ठेवलं, हे बाईंनी पुढच्या तीन वाक्यांत किती जीव ओतून लिहिलेलं! ते तसंच राहायचं. बाईंना लेकीचं कौतुकही वाटायचं आणि कुठेतरी टोचायचंही.

आता घाई दूरच्या शहरात मोठ्या हुद्द्यावर होती. दर रविवारी सकाळी न चुकता फोन करायची. वाटी-चमचा तेवढा सुटला होता, सवय नाही.

“अगं, माझ्या डोळ्यांचं…”

“नंबर वाढला असेल. चष्मा बदलून घे, आई.”

पुढच्या रविवारी बाई म्हणाल्या, “मला वाटत होतं की तू…”

“हो गं, येणार आहे. सुट्टी मिळाली की लगेच.”

पोर वाईट नव्हती. तिची उत्तरं चुकीचीही नसत. फक्त ती पहिल्या वाक्याची उत्तरं असत. बाईंच्या उजव्या डोळ्याला छापील अक्षर दिसेनासं झालं होतं आणि डावाही त्याच वाटेवर होता, हे तिसऱ्या वाक्यात येणार होतं. तिथवर पोचायची वेळच आली नाही.

त्याच सुमारास आयोजकांची बैठक झाली. यापुढे प्रश्न पडद्यावर येणार, एका ओळीचे, खाली चार पर्याय. गणिताचे सर हळूच म्हणाले, “बाई, तुम्ही मनाला लावून घेऊ नका.” बाईंनी मान हलवली, साहित्याच्या कार्डांचा खोका उचलला आणि घरी आणला. वाटेत त्यांना रडू आलं, ते त्यांनी येऊ दिलं.

शनिवारी दुपारी त्यांनी एक कोरं कार्ड घेतलं. जाड पेनाने, स्वतःला दिसतील एवढ्या मोठ्या अक्षरांत, शेवटचा प्रश्न लिहिला. साधं बोलणं ऐकत नाही ना, मग प्रश्न तरी ऐकेल.

‘ही बाई सव्वीस वर्षं दुसऱ्यांसाठी प्रश्न लिहीत होती. आता हिला वाचता येत नाही, आणि चष्म्याने ते परत येणार नाही. हिला औषध नको, सोबतीला माणूसही नको. लेकीने चार दिवस शेजारी बसून एखादं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून दाखवावं, एवढंच मागणारी ही बाई कोण?’

रविवारी फोन आला. “घाई, एक प्रश्न घालू? जुन्यासारखा?”

“घाल की! थांब, थांब.” पलीकडे भांड्यांचा आवाज झाला. “हं, वाटी घेतली. वाच.”

बाईंनी कार्ड डोळ्यांशी नेलं. “ही बाई सव्वीस वर्षं दुसऱ्यांसाठी प्रश्न लिहीत होती…”

टण्! “आई! अगं, तूच की!” आणि घाई हसली. अगदी चौदा वर्षांची असताना हसायची तशी, खळखळून. ते हसू ऐकण्यासाठी बाई किती आसुसल्या होत्या, हे त्यांना त्या क्षणी कळलं. ते मोडून पुढचं वाचायला जीभ रेटेना.

“बरोबर ना?”

“बरोबर,” बाई म्हणाल्या. “दहा गुण.”

“फारच सोपा होता गं. पुढचा घाल.”

“पुढचा लिहिला नाही अजून.”

“बरं, मग ठेवते. डोळ्यांना जप हं.”

फोन बंद झाला. बाईंनी कार्डावरून एकदा बोट फिरवलं आणि ते गठ्ठ्याखाली सरकवलं. नियम त्यांनीच केलेला होता.