शिंप्याच्या दुकानाची काच

"साहेब हायती का आत?"

निघोज्याचा एक शेतकरी मला विचारत होता. वहाणा दाराबाहेर काढलेल्या, काखेत सदऱ्याचं कापड. आत साहेब कुठला? आत नारायण शिंपी मशीनवर बसला होता.

"अहो, शिंप्याचं दुकान आहे हे. जा की."

"न्हाई, येतो पुन्यांदा," म्हणत तो वहाणा घालून चालता झाला. रोज हेच बघून मी कंटाळलो होतो.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. पिंपरीला कारखाना उभा राहत होता, शेजारी कामगारांची कॉलनी. मी ओव्हरसिअर, म्हणजे नकाशाबरहुकूम बांधकाम होतंय का ते बघणारा. नकाशा चीफ इंजिनिअर साहेबांचा. ते विलायतेत शिकलेले. म्हणून कॉलनीच्या टोकाला तिकडच्यासारखी दुकानं: पुढे मोठी बंद काच, बाजूला दार, मागे राहायची खोली.

नारायण बीडकडचा. बायकापोरांना घेऊन मागच्या खोलीत आलेला. दुकान चाललं नाही तर खोलीही सोडायची, असा नियम.

"भाऊ, लोकं मला साहेब समजायलेत," तो म्हणाला. "तेवढी काच काढा अन् ओटा बांधून द्या. नाहीतर लेकरं घेऊन कुठं जाऊ?"

मी साहेबांकडे गेलो. "साहेब, आपल्याकडे दुकानदार ओट्यावर बसतो, गिऱ्हाईक रस्त्यावर उभं राहतं. रात्री फळ्या लावल्या की झालं."

साहेब हसले. "इंग्लंडातही पूर्वी तेच होतं. खिडकीची झडप रस्त्याकडे पाडायची, तिच्यावर माल मांडायचा. घर मागे नाहीतर वर. काचा फार उशिरा आल्या."

"मग आपण पहिल्याच दिवशी कशाला लावल्या?"

"होईल सवय लोकांना. धीर धरा."

धीर धरायला माझं काय जात होतं? चूल नारायणची विझत होती. मी पुन्हा गेलो, पुन्हा गेलो. शेवटी साहेब वैतागून हो म्हणाले. पण नकाशातली वीट हलवायची तर सँक्शन लागते, म्हणजे वरची लेखी परवानगी. ती येईस्तोवर पावसाळा सरला.

गवंडी घेऊन गेलो तर दाराला कुलूप. नारायण बिऱ्हाड घेऊन निघून गेला होता. फार वाईट वाटलं, रागही आला. तरी काच काढली, ओटा बांधला. तिथं आलेल्या पानवाल्याचं दुकान लगेच चाललं. मग साहेबांनी ओळीतल्या सगळ्याच काचा काढायला लावल्या. गिऱ्हाईक दाराशी वहाणा काढायला लागलं की दुकान बसलंच समजावं, एवढं कळायला आम्हाला एक शिंपी घालवावा लागला.

पुढे चाकणच्या बाजारात तो दिसला. कुणाच्यातरी ओट्यावर मशीन, भोवती माणसं. मी पुढे झालो, आणि कसं कोण जाणे, बुटाची नाडी सोडायला वाकलो.

नारायणनं मशीनवरून मान वर केली.

"राहू द्या पायात, भाऊ. हे दुकान हाय."